ट्रकच्या आडोशाने



ट्रकच्या पाठीवर काय काय लिहिलेलं असतं, ते वाचायचा मला लहानपणापासून नाद आहे. कुणी आईवडिलांचा आशीर्वाद लिहून घेतो, कुणी गावच्या देवाचं किंवा पिराचं नाव, कुणी पोरांची नावं ओळीने रंगवून घेतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ तर आपल्या सगळ्यांना पाठ. लोक उगाच हॉर्न वाजवत बसतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ते लिहायला मनाई केली. या सगळ्या रंगीबेरंगी मजकुरात एक साधी ओळ असते. ‘सुरक्षित अंतर ठेवा.’ कविता करणाऱ्याने थांबून वाचावं असं तिच्यात काही नाही. मीही कधी थांबलो नव्हतो. एका पहाटे मात्र ही ओळ बराच वेळ माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तिचा अर्थ मला कळला तो त्यानंतर.

आजचा विषय तसा घरगुती आहे. पेट्रोल वाचवण्याचा. २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. तेव्हापासून गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक घरात मनातल्या मनात हिशेब होतो. मग युक्त्या निघतात. त्यांतली एक अशी की, हायवेवर एखादा मोठा ट्रक किंवा कंटेनर गाठायचा आणि त्याच्या मागोमाग, अगदी जवळून, त्याच्याच वेगाने जात राहायचं. पुढचा ट्रक वारा अंगावर घेतो, आपल्या गाडीला तो लागत नाही आणि पेट्रोल कमी जळतं. हे खरं आहे का, हा एक प्रश्न. खरं असेल तर करावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की आपण दुसरा विचारायला विसरतो, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात असतानाच मिळालं होतं, तेही सायकलवर. आमच्या गावापासून कॉलेज अकरा किलोमीटर. सकाळी जाताना उतार आणि अंगात हुरूप. संध्याकाळी येताना चढ, पोटात भूक आणि समोरून वारा. हंगामाच्या दिवसांत ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर त्याच रस्त्याने कारखान्याकडे निघालेला असायचा. आम्ही पोरं फाट्यावर त्याची वाट बघत थांबायचो. तो आला की मागे सायकली घालायच्या. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढून खाणं हा एक लाभ होताच. त्याहून मोठा लाभ वेगळा होता. ट्रॉलीच्या मागे शिरलं की कानात घोंघावणारा वारा एकदम बंद व्हायचा. फडफडणारा सदरा शांत व्हायचा. पायडल हलकं लागायचं, चढावरसुद्धा. ट्रॅक्टरवाला मागे वळून शिव्या घालायचा. तेवढ्यापुरते आम्ही मागे सरायचो आणि पुन्हा शिरायचो.

हा पराक्रम मी एकदा मामूंना सांगितला. मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला. सोलापुरातून चादरी आणि टॉवेल भरून मुंबईला न्यायचे, येताना मिळेल तो माल आणायचे. मला वाटलं, ड्रायव्हर माणूस आहे, कौतुक करील. ते जेवत होते. घास हातातच धरून त्यांनी विचारलं, “पुढच्याचा आरसा दिसतो का तुला?” मी म्हणालो, “आरसा कुठला, नुसता ऊस दिसतो.” तेव्हा ते आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, “उसका आईना तेरे कू नहीं दिखता, तो तू उसकू नहीं दिखता. याद रख.” त्याचा आरसा तुला दिसत नसेल तर तूही त्याला दिसत नाहीस, त्याच्या लेखी मागे कुणी नाहीच. मी मान हलवली आणि विसरून गेलो.

वारा बंद का होतो, ते मात्र मला बऱ्याच वर्षांनी समजलं. मी कला शाखेचा बी.ए. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. पुढे एका शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली आणि तिथल्या विज्ञानाच्या सरांशी दोस्ती झाली. मधल्या सुट्टीत चहाच्या कपाशेजारी त्यांनी मला जे समजावलं, ते तसंच तुम्हाला सांगतो. गाडी चालते तेव्हा तिला दोन गोष्टींशी झगडावं लागतं. एक म्हणजे रस्ता, म्हणजे टायरची रस्त्याशी होणारी ओढाताण. दुसरी हवा. गावात, ताशी तीस-चाळीसच्या वेगात, हवेची कटकट फारशी जाणवत नाही. पण वेग दुप्पट केला तर हवेचा अडसर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून हायवेवर आपलं पेट्रोल मोठ्या प्रमाणात हवा बाजूला सारण्यातच जातं. ट्रकचा तर पुढचा भाग भिंतीसारखा आणि मागचा पेटीसारखा. तो हवेला फाडत जातो. फाटलेली हवा त्याच्या मागे लगेच जुळत नाही. तिथे काही अंतर भोवरे फिरत राहतात आणि हवेचा दाब कमी असतो. त्या पोकळीत शिरलेल्या गाडीला समोरचा वारा कमी लागतो. आमच्या ट्रॉलीमागे नेमकं हेच होत होतं.

माणसाला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेत चार्ल्स मर्फी नावाचा एक सायकलपटू होता. त्याचं म्हणणं असं की, समोरचा वारा अडवला तर मी आगगाडीच्या वेगाने सायकल चालवून दाखवीन. लोक हसले. शेवटी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर रुळांच्या मधोमध लाकडी फळ्यांची वाट तयार केली गेली. आगगाडीच्या मागच्या डब्याला आडोसा बांधला आणि ३० जून १८९९ रोजी मर्फी त्या आडोशात सायकल घेऊन शिरला. एक मैल अंतर त्याने ५७.८ सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी शंभर किलोमीटर, साध्या सायकलवर! शेवटी गाडीवरच्या माणसांनी त्याला हात देऊन वर ओढून घेतलं. पुढे २०१८ मध्ये डेनिस म्युलर-कोरेनेक या अमेरिकन महिलेने एका शर्यतीच्या मोटारीच्या आडोशाने मिठागराच्या सपाट मैदानावर ताशी सुमारे २९६ किलोमीटरने सायकल चालवली. सायकल! आडोशाची ताकद एवढी मोठी आहे.

मोटारीचंही मोजमाप झालेलं आहे. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००७ मध्ये एका मोठ्या ट्रकच्या मागे, ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या वेगाने मोटार चालवून पाहिली. शंभर फुटांवरून इंधनाची बचत झाली ११ टक्के. पन्नास फुटांवरून २० टक्के. वीस फुटांवरून २७. दहा फुटांवरून तर ३९ टक्के. आणखी जवळ, दोन फुटांवर गेल्यावर बचत वाढण्याऐवजी २८ टक्क्यांवर आली, कारण एवढं जवळ राहण्यासाठी चालकाला सारखं ॲक्सिलरेटर कमीजास्त करावं लागत होतं. आकडे दाखवल्यावर त्याच मंडळींनी प्रेक्षकांना बजावलं, हे रस्त्यावर करू नका.

आपलं कसं असतं, आकडे लक्षात राहतात आणि बजावणं विसरतं.

माझ्या मुलाच्या लक्षात असेच आकडे राहिले. तो पुण्याला नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो आम्हाला न्यायला सोलापूरला आला. पहाटे चारला निघालो. पुढे तो आणि मी. मागे माझी बायको आणि चार वर्षांची नात, दोघी एका रजईत झोपलेल्या. मोहोळच्या अलीकडे एक मोठा कंटेनर लागला. ऐंशीच्या वेगाने एकसारखा चाललेला. मुलाने गाडी त्याच्या मागे लावली आणि जवळ जवळ नेत नेत पंधरा मीटरवर आणून ठेवली. मग गाडीच्या पडद्यावरचा आकडा मला दाखवत म्हणाला, “अब्बा, बघा. लिटरला अठरा देणारी गाडी बावीस देतेय.” मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी त्याला ट्रॉलीची गोष्ट सांगितली, मर्फीची सांगितली. मामूंच्या आरशाची तेवढी सांगितली नाही. आठवलीच नाही.

गाडीत छान शांतता होती. वाऱ्याचा आवाज नाही. समोर आमच्या दिव्यांच्या उजेडात ती ओळ: सुरक्षित अंतर ठेवा.

टेंभुर्णी मागे पडली. थोडं पुढे गेल्यावर कंटेनर एकाएकी उजवीकडे सरकला. त्याचे ब्रेकचे लाल दिवेसुद्धा लागले नाहीत. त्याला लांबून दिसलं होतं, त्याने निवांतपणे गाडी बाजूला घेतली. आणि तो बाजूला झाला तेव्हा आमच्यासमोर उसाची भिंत होती. चाक निखळलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मांडून ठेवलेले चार दगड फक्त. मुलाने ब्रेक दाबला की स्टिअरिंग फिरवलं, हे त्यालाही सांगता येत नाही. दगड चाकाखालून उडाला. उसाच्या पात्यांनी डावीकडची काच खरवडली. माझ्या बाजूचा आरसा मोडून गेला. गाडी दुभाजकाला घासत पुढे जाऊन थांबली.

मागची दोघं जागी झाली. नात म्हणाली, “आलं पुणं?”

आम्ही उतरून मागे चालत गेलो. ट्रॉलीच्या आडोशाला रस्त्याच्या कडेला पाचट पेटवून एक ऊसतोड जोडपं बसलेलं होतं. मराठवाड्यातून हंगामाला आलेलं. मुकादम जॅक आणायला गेलेला. मला वाटलं, आता भांडण होणार, निदान मी तरी करणार. दिवा का लावला नाही, म्हणून मी आवाज चढवणार तेवढ्यात तो गडी हात जोडून म्हणाला, “टरक गेला म्हणून मी चाकाकडं यायला पाऊल उचललं होतं. त्याच्यामागं तुम्ही असताल असं वाटलंच नाही हो.” त्याच्या बायकोने त्याचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता. आम्ही निघेपर्यंत तिने तो सोडला नाही.

श्रोतेहो, त्या माणसाच्या बोलण्यात सगळा विषय आला. आम्हाला तो दिसला नाही, हे तर झालंच. पण आम्हीही त्याला दिसलो नाही. ट्रकच्या मागे जी सावली असते, ती वाऱ्याची असते तशी नजरेचीही असते. आमचे दिवे कंटेनरच्या पाठीवर पडत होते. समोरच्या रस्त्यावरच्या माणसाला एकच गाडी येताना दिसत होती. ती गेली, रस्ता मोकळा झाला, असं त्याला वाटलं. दोन बाजूंनी आम्ही नसल्यासारखे होतो. आणि ज्याच्या आधाराने चाललो होतो, त्या कंटेनरच्या चालकाला तर आम्ही मागे आहोत याचाच पत्ता नव्हता. तो बिचारा आपल्या वाटेने निघून गेला.

पुढच्या ढाब्यावर मुलाने चहा मागवला, पण कप उचलेना. मी कागदाच्या रुमालावर हिशेब मांडून पाहिला. कारकुनी सवय. नव्वदेक किलोमीटर झाले होते. एरवी पाच लिटर पेट्रोल लागलं असतं. वाचलं असेल तर फार तर एक लिटर. शंभराची एक नोट. आरसा आणि रंगकाम मिळून पुढे सात हजार लागले. ते सोडा. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. आम्ही पंधरा मीटरवर होतो. म्हणजे आमच्या आणि त्या पाठीच्या मध्ये पाऊण सेकंदही नव्हता. माणसाने काही पाहिलं, ते त्याच्या डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर पडला, एवढ्यालाच एक ते दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. त्या कार्यक्रमातलं शंभर फूट अंतर आपल्याला लांब वाटतं. ते तीस मीटर आहे. म्हणजे अकरा टक्क्यांची बचत देणारं अंतरसुद्धा पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपलेलं असतं. दहा फुटांबद्दल बोलायलाच नको. तेवढं अंतर पापणी लवायच्या आत संपतं.

यावर कुणी म्हणेल, ट्रक जड असतो, तो काही जागच्या जागी थांबत नाही. त्याच्यापेक्षा आपली गाडी लवकर थांबते, मग भीती कशाची? हा युक्तिवाद माझ्या मुलानेही केला होता. ट्रकने नुसता ब्रेक मारला तर तो काही अंशी बरोबर आहे. पण ट्रक कशावर आदळला तर तो जागीच थांबतो. आमच्यासारखं तो बाजूला झाला तर समोर काय उभं असेल, ते कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या चाकांच्या मधून निघून गेलेला खड्डा आपल्या चाकाखाली येतो. रिमोल्ड केलेल्या टायरची साल सुटून काचेवर येते. लोखंडी सळयांचा ट्रक असेल तर त्या मागे किती बाहेर आल्या आहेत, हे लाल फडकं दिसेपर्यंत कळत नाही.

आणि धडक झालीच तर मोटारीचं बॉनेट ट्रकच्या खाली शिरतं आणि ट्रकची कड थेट काचेवर, माणसांच्या डोक्याच्या उंचीवर येते. २९ जून १९६७ रोजी अमेरिकेत जेन मॅन्सफिल्ड ही हॉलिवूडची प्रसिद्ध अभिनेत्री अशीच गेली. लुइझियाना राज्यात रात्रीच्या वेळी डासांच्या औषधाची फवारणी चालू होती. त्या धुरात एक ट्रेलर मंदावला आणि तिची मोटार मागून त्याच्या खाली घुसली. पुढे बसलेले तिघे जागीच ठार झाले. मागे झोपलेली तिची तीन मुलं वाचली. ट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी दांडा असतो, त्याला तिकडे आजही तिच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडेही मालवाहू गाड्यांना तसा दांडा सक्तीचा आहे. पुढच्या वेळी ट्रकमागे उभे असाल तेव्हा जरा बघा. कधी तो वाकलेला असतो, कधी नुसता नावाला बांधलेला असतो.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी साधारण पाचवा हिस्सा मागून धडकण्याचे होते. १५ ऑक्टोबर २०२३ चा अपघात अनेकांना आठवत असेल. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि दर्शन करून घरी परतणारे बारा जण गेले. ते काही पेट्रोल वाचवत नव्हते. पण ट्रकची पाठ ही काय चीज आहे, ते यावरून कळावं. पुढची गाडी अचानक मंदावली किंवा थांबली तरी टक्कर होणार नाही एवढं अंतर ठेवा, असं १९८९ च्या रस्ता नियमांतही लिहिलं होतं आणि २०१७ च्या नव्या नियमांतही आहे. अंतर मीटरमध्ये दिलेलं नाही. ते आपल्या अकलेवर सोडलेलं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून मी मामूंना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकात, रस्ता दुपदरी असताना, यवतजवळ त्यांच्या ट्रकसमोर म्हैस आडवी आली. त्यांनी ब्रेक मारला. म्हैस वाचली. मागे चिकटून आलेली एक जीप ट्रकखाली घुसली. जीपवाला जगला, पण त्याचा पाय गेला. “माझी चूक नव्हती, पंचनाम्यातही तसंच आलं,” मामू म्हणाले. “पण तो मागे आहे, हे मला ठाऊकच नव्हतं रे. ठाऊक असतं तर म्हैस मारली असती.” घास हातात धरून त्यांनी मला आरशाचं का विचारलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपण आडोसा घेतो तो एका माणसाचा घेतो. आपण मेलो किंवा अपंग झालो तर ते ओझं, काही चूक नसताना, त्याच्याही पाठीवर जन्मभर बसतं. त्याला आपण विचारलेलं नसतं.

खरा फरक इथेच आहे. सायकलींच्या शर्यतीत खेळाडू एकमेकांच्या मागे चाकाला चाक लावून जातात. पण पुढचा हाताने खूण करून मागच्याला खड्डा दाखवतो आणि दमला की मागे येतो. दुसरा पुढे होऊन वारा झेलतो. मर्फी मागे आहे, हे आगगाडीवरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. २०१६ मध्ये युरोपात वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रकांचे ताफे असेच एकामागोमाग रॉटरडॅमपर्यंत नेऊन दाखवले. पण ते ट्रक बिनतारी यंत्रणेने एकमेकांशी जोडलेले होते. पुढच्याने ब्रेक लावला की मागच्याचाही त्याच क्षणी लागायचा. म्हणजे आडोसा घेणं वाईट नाही. पुढच्याला ठाऊक असेल, त्याची कबुली असेल, तर तो सोबतीचा प्रकार आहे. आपण हायवेवर करतो ती ट्रॉलीतून ऊस ओढण्यासारखी चोरी आहे.

मग पेट्रोल वाचवायचंच नाही का? वाचवायचं. ट्रककडूनच शिकायचं, पण त्याची पाठ सोडून त्याचा वेग घ्यायचा. विज्ञानाच्या सरांनी मला हे गणित करून दाखवलं. शंभरऐवजी ऐंशीने गाडी चालवली तर हवेशी झगडण्याचा खर्च दर किलोमीटरला ३६ टक्क्यांनी कमी होतो. सगळं पेट्रोल ३६ टक्के वाचतं असं नाही, कारण टायर आणि इंजिनाचा खर्च राहतोच. तरी बचत चांगली होते, आणि त्यासाठी कुणाच्या मागे चिकटावं लागत नाही. त्या पहाटे आमच्या पडद्यावर जो बावीसचा आकडा आला, त्यातला काही वाटा नुसता ऐंशीच्या वेगाचा होता. एरवी माझा मुलगा शंभरने जातो. श्रेय मात्र आम्ही सगळं कंटेनरला दिलं.

सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर धरा. शंभरने अडीच तास, ऐंशीने तीन तास आणि वर सात-आठ मिनिटं. फरक जेमतेम पाऊण तासाचा. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने १९७४ पासून सगळ्या हायवेंवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली होती, ती तेल वाचवण्यासाठीच. आपल्याकडची पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, तर वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ चा वेग सर्वांत काटकसरीचा असं सांगत आली आहे. त्यात टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा. या गोष्टींना थरार नाही. म्हणून त्या कुणी कुणाला फुशारकीने सांगत नाही.

आता आम्ही पुण्याला जातो तेव्हा मागच्या सीटवर नातीचं एक काम असतं. ती आता सात वर्षांची आहे. पुढचा ट्रक रस्त्याकडेच्या खांबाजवळून गेला की ती मोजायला लागते, “एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन.” तिचं मोजून व्हायच्या आत आम्ही खांबाशी पोहोचलो, तर ती बापाला रागावते. तीन सेकंद म्हणजे ऐंशीच्या वेगात सदुसष्ट मीटर. पावसात आणि रात्री ती ‘एक हजार पाच’पर्यंत मोजते. एवढ्या लांबून ट्रकवर लिहिलेलं तिला वाचता येत नाही, म्हणून कुरकुरते. आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. “दादा, काय लिहिलंय त्याच्यावर? मला वाचायचंय.”

मी विचारतो, “त्याचा आरसा दिसतो का तुला?”

“दिसतो.”

“मग पुरे,” मी म्हणतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)